गरम हवा कोणाच्या खिडकीत

आमच्या घरमालकांनी आम्हाला एसी लावू दिला नाही. नागपुरात. मे महिन्यात. गच्चीखालच्या खोल्यांत, जिथे दुपारी नळाखाली हात धरला तर चटका बसायचा. आज इतक्या वर्षांनी सांगतानाही माझं डोकं तापतं, आणि नवरा म्हणतो, जाऊ दे ना आता. कसं जाऊ देऊ? उकाड्यात रात्रभर मी तळमळले होते, तो तर पंख्याखाली पालथा पडला की सकाळपर्यंत मेल्यासारखा.

प्रताप नगरातलं ते दुमजली घर. खाली पुढच्या भागात घरमालक एकटे. मागच्या भागात एक शेठ आणि त्यांचं कुटुंब. शेठचं जरीपटक्यात कूलरचं दुकान. वर आम्ही, म्हणजे मी, नवरा आणि कुहीची शेती धाकट्या दिराकडे सोपवून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. घरमालक कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. अख्खी गल्ली त्यांना सर म्हणायची. सासूबाई तेवढ्या मास्तर म्हणायच्या.

पहिल्याच उन्हाळ्यात मी एसीचा विषय काढला. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. डोक्याला ओला दुपट्टा, शर्टाच्या खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून बाहेर जाताना कांदा आपल्याकडे पुष्कळ जण ठेवतात. सर घरात बसूनही ठेवायचे.

“एसी थंडी तयार करत नाही,” ते म्हणाले. “तुमच्या खोलीतली गरमी उचलतो आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतो. तुम्ही ती कोणाच्या अंगावर टाकणार, ते आधी सांगा.”

“कोणाच्या अंगावर कशाला सर? हवेत जाईल.”

“हवा कोणाची आहे?”

मी पाय आपटत वर गेले आणि कूलरमध्ये चार बादल्या पाणी ओतलं.

अंगणात त्यांनी एक पेटी उभी केली होती. जुन्या काळचं दुधाचं जाळीचं कपाट, चार उंच पायांवर, पांढऱ्या रंगानं रंगवलेलं, आत तापमापक. रोज ठरलेल्या वेळी दार उघडून ते आत बघायचे. आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्या पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि जाळीत जास्वंदाचं फूल खोचलं. त्यांना वाटलं, मास्तरांचा देव आहे.

“काकू, फुलानं हवा अडते,” सर फूल काढून त्यांच्या हातात देत म्हणाले.

“देवाले हवा काहून पायजे?” सासूबाई म्हणाल्या.

पुढे पेटीत देव नाही हे त्यांना समजलं, तरी सणावाराला त्या फूल वाहायच्याच. सर ते काढायचे. दोघांचं हे वर्षानुवर्षं चाललं.

तुम्हाला वाटेल, इतकं तापमान तापमान करणारा माणूस, त्याच्यासमोर ऊन वाढलंय म्हटलं की खूश होत असेल. छे! समोरचा डॉक्टर एकदा गाडीवरून उतरता उतरता म्हणाला, “काय सर, आज तर आग ओतून राहिला सूर्य. क्लायमेट चेंज, नाही का?” सरांनी त्याला तिथेच उन्हात उभं केलं. एका दिवसावरून काही ठरत नसतं. वर्षांमागून वर्षं मोजावं लागतं, पुष्कळ ठिकाणी मोजावं लागतं, समुद्राचं पाणी, डोंगरावरचा बर्फ, झाडांच्या खोडातली वलयं, सगळं एकमेकांशी ताडून बघावं लागतं, तेव्हा कुठे बोलायचा हक्क मिळतो. बिचाऱ्या डॉक्टरचा शर्ट घामानं पाठीला चिकटला. आणि डिसेंबरात कोणी कुडकुडत, “कुठं गेलं सर तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?” असं विचारलं, तर त्यालाही तेच व्याख्यान, तितकंच लांब. होकार दिला तरी मार, नकार दिला तरी मार. लोक त्यांच्या फाटकासमोरून मान खाली घालून जायला लागले.

सासूबाईंना तर त्यांनी फार छळलं. “काकू, तुमच्या लहानपणी कुहीला पहिला पाऊस कधी यायचा?” असं विचारायचे. सासूबाई खुलायच्या. मिरगात कसा पडे, धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, कधी टाकत, रोवणीला बाया चिखलात गाणी कशी म्हणत, सगळं सांगायच्या. आता कसं कशाचा कशाला मेळ नाही, पऱ्हे वाळून जातात आणि कापून ठेवलेल्या धानावर पाऊस येतो, हेही सांगायच्या. सर मन लावून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, “छान. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे, काकू.”

“मंग विचारून काहून राहिले?” सासूबाई भडकायच्या. “मी काय खोटं बोलून राहिली?”

“तुम्ही खरंच बोलताय. पण तुमच्या खरेपणाला जग विचारणार नाही, आकड्याला विचारेल.”

सासूबाई वर येऊन मला म्हणायच्या, “याच्या बायकोनं कसं काढलं असंन वं?”

नोव्हेंबर आला की घराची कळा बदलायची. जगातले देश कुठल्या तरी शहरात हवामानाच्या परिषदेला जमले की सर इथे प्रताप नगरात जमायचे. दाराला आतून कडी. मोबाइलवर मोठ्या आवाजात भाषणं. लग्नघरात रुसलेल्या नातेवाइकांवर चिडावं तसे ते देशांवर चिडायचे. “बघा, आला! धूर यानं केला आणि बोट दुसऱ्याकडे दाखवतो!” ही परिषद ठरलेल्या दिवशी कधी संपत नाही, भांडण मिटेना म्हणून लांबतच जाते. शेवटच्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून टाय लावून बसायचे, आणि तिकडे अध्यक्षांचा हातोडा पडेपर्यंत जेवायचे नाहीत. सासूबाईंना वाटायचं उपास आहे. त्या माझ्या हातून भगर आणि दाण्याची आमटी पाठवायच्या आणि विचारायला सांगायच्या, कोणत्या देवाचा?

पॅरिसचा करार झाला त्या दिवशी सरांनी अख्ख्या गल्लीत संत्रा बर्फी वाटली. लोकांनी विचारलं, मुलीकडे काही गोड बातमी का? “पॅरिसला जमलं!” सर म्हणाले. शेठच्या बायकोनं मला हळूच विचारलं, जावई पॅरिसला असते काय? आणि पुढे एक मोठा देश त्या करारातून बाहेर पडला, तेव्हा सर आठवडाभर शेठशी बोलले नाहीत. शेठचा काय संबंध? काही नाही. मीटिंगमध्ये शेठचा चेहरा तसाच होतो, एवढंच.

हो, मीटिंग. ती राहिलीच सांगायची.

आमच्या खोल्या तापायच्या त्या गच्चीच्या स्लॅबमुळे. सरांचं म्हणणं, गच्चीला होळीच्या आधी चुन्याचा पांढरा लेप द्यायचा, ऊन परत फेकलं जातं, खोली कमी तापते. झालं तर मग! घर तुमचं, गच्ची तुमची, चुना तुमचा, लावा की. पण नाही. सरांचा नियम असा, की ज्याचा परिणाम सगळ्यांवर होतो ते सगळ्यांच्या एकमतानंच करायचं, जगाच्या परिषदेत करतात तसं. एकानं जरी नाही म्हटलं तरी ठराव बारगळला.

दर फाल्गुनात अंगणात टेबल मांडलं जायचं, त्यावर पाण्याचा तांब्या. हातोडा नव्हता म्हणून खलबत्त्यातला बत्ता. सर बत्ता आपटून सुरुवात करायचे.

शेठ म्हणायचे, “सर, मी काय म्हणतो, मी राहतो खाली. चुन्याचा फायदा वरच्याले. आणि चुना पावसात वाहून पाइपातून माझ्याच मोरीत येईन. मले काय मिळून राहिलं?” शिवाय दुकान कूलरचं. उन्हाळा म्हटला की शेठच्या चेहऱ्यावर दिवाळी, त्यांना गच्ची थंड होऊन काय करायचं होतं?

सर समजवायचे की जबाबदारी सगळ्यांची असते, प्रत्येकाचा भार मात्र वेगळा असतो. शेठ मान डोलवून म्हणायचे, “एकदम सही बात. पुढच्या साली पाहू.”

शेठ कसेबसे वळले, की सासूबाई. त्यांच्या कुरडया, पापड आणि सांडगे नेमके त्याच दिवसांत गच्चीवर. “चुन्यात काय कुरडया वाळवू? आन् मंग पोरांच्या पोटात चुना जाईन!” ज्या बाईच्या डोक्यावर ती गच्ची भट्टीसारखी तापत होती, तीच बाई हरकत घ्यायची. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबायची. त्या मोठ्यानं म्हणायच्या, “पाय काहून दाबून राहिली वं?”

मग सर बत्ता आपटून जाहीर करायचे की चर्चा सकारात्मक झाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा भेटू.

“सर, कशाला हवंय एकमत? लावून टाका ना चुना!” मी किती वेळा ओरडले असेन.

“लादलेलं टिकत नाही,” ते म्हणायचे. “मी गेलो की दुसरा पुसून टाकेल. सगळ्यांनी हो म्हटलेलं टिकतं.”

“अहो, पण सगळे हो म्हणतात कुठे?”

“म्हणून तर दरवर्षी भेटायचं.”

आणि एका वर्षी सगळे हो म्हणाले. ते कसं झालं, आणि त्याचं या माणसानं काय केलं, ते ऐका.

मे अखेरचे दिवस, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागलेला. एका संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर नागपूरच्या तापमानाचा एक आकडा येऊन थडकला. असा आकडा की वाचूनच घसा कोरडा पडावा. टीव्हीवर तोच, व्हॉट्सअपवर तोच. कोणी म्हणे शहर सोडा, कोणी म्हणे आता जग बुडालं. शेठ दुकान लवकर बंद करून धावत घरी आले. कूलर विकणारा माणूस, पण चेहरा पांढराफटक. “सर, मीटिंग घ्या,” ते स्वतः म्हणाले. “चुना लावू, झाडं लावू, तुम्ही म्हणान ते करू. माझे लेकरं आहेत ना घरात.”

सासूबाईही घाबरल्या होत्या. “बाप्पा बाप्पा! जळो त्या कुरडया. लावून टाका चुना.”

मी तर आनंदानं टेबल स्वतः उचलून आणलं. तांब्या भरला. बत्ता सरांच्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं होतं. आता फक्त बत्ता आपटायचा होता.

सर पेटीकडे गेले. दार उघडून आत बघितलं. परत आले आणि म्हणाले, “तो आकडा चुकीचा आहे.”

“काय?” शेठ म्हणाले.

“ऊन भयंकर आहे, पण तेवढं नाही. वेधशाळेच्या यंत्रात काहीतरी गडबड आहे. माझ्या पेटीत तसं दिसत नाही, आणि एवढी एकदम उडी हवा मारत नाही.”

“सर!” मी दात ओठ खाऊन म्हणाले. “आत्ता नका ना बोलू. बत्ता आपटा आधी.”

“खोट्या आकड्यावर घेतलेला ठराव उद्या आकडा खोटा ठरला की पडतो. आणि मग खऱ्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.”

शेठच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मी तो येताना बघितला. “मतलब तेवढी घाई नाही ना?” ते म्हणाले. “मंग पुढच्या साली पाहू.” सासूबाई म्हणाल्या, “माह्या कुरडया उचलाच्या राहिल्या होत्या, बरं झालं.” पाच मिनिटांत अंगण रिकामं. सर एकटेच फाटकाबाहेर गेले आणि गल्लीतल्या घराघरांत जाऊन सांगत सुटले, तो आकडा चुकीचा आहे, घाबरू नका, पण निर्धास्तही राहू नका. लोकांनी पहिला अर्धा भाग ऐकला आणि दारं लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. यंत्रातच गडबड होती. सर बरोबर होते, नेहमीसारखे, आणि त्यांच्या बरोबर असण्याचा नेहमीसारखा कोणालाच काही उपयोग झाला नाही.

त्याच आठवड्यात सासूबाई पडल्या. मी बँकेत कामावर, नवरा दौऱ्यावर. भर दुपारी कूलरमधलं पाणी संपलं आणि तो नुसती गरम हवा फेकत राहिला. त्या उठून पाणी टाकायला गेल्या आणि तिथेच कोसळल्या. बादलीचा आवाज ऐकून शेठ जेवणावरून उठून वर धावले. त्यांनीच उचलून खाली आणलं, गाडीत घातलं. हो, त्याच शेठनं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा सासूबाईंना सलाइन लागलं होतं, ओठ फुटले होते, आणि त्या मला ओळखत नव्हत्या. त्या दोन तासांत मी काय काय नवस बोलले ते मला आणि देवाला ठाऊक.

त्या वाचल्या. संध्याकाळी शुद्धीवर येऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कूलरची मोटर जळाली काय?

मी मात्र पेटले होते. कपडे आणायला घरी आले आणि तशीच सरांच्या दारात उभी राहिले. “झालं समाधान?” मी ओरडले. “तुम्ही जगाचं भलं करत बसा, आमच्या घरचं माणूस मरत होतं! त्या दिवशी एक शब्द गिळला असता, एक शब्द, तर आज गच्ची पांढरी असती!”

सरांच्या खिशातला कांदा हातात होता. त्यांनी तो परत खिशात ठेवला. मग म्हणाले, “चुन्यानं थोडंसं उतरलं असतं. पण थोडंसंच. त्यानं काकू पडल्या नसत्या असं मी म्हणू शकत नाही.”

अहो, अशा वेळी तरी माणसानं खोटं बोलावं! चुकलो म्हणावं, माफ करा म्हणावं, रडावं! मी दार आपटून वर आले आणि रागानं रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात एसी बसवणारा माणूस शिडी घेऊन उभा. सरांनीच बोलावलेला. “या बाबतीत मीटिंग नको,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “काकूंना गरज आहे. लावा.”

मग एसीचा बाहेरचा डबा कुठे बसवायचा, हा प्रश्न. मागच्या बाजूला बसवला तर गरम हवा शेठच्या स्वयंपाकघरात. कडेला बसवला तर खाली गल्लीत भाजीवाली बसते, तिच्या डोक्यावर. पुढे बसवला तर बरोबर सरांच्या खिडकीत.

“पुढे,” सर म्हणाले.

“सर, सगळी गरम हवा तुमच्याच खोलीत येईन,” तो माणूस म्हणाला.

“कोणाच्या तरी खोलीत जाणारच आहे ती.”

मी म्हटलं सर, असं नका करू, वर पाइप घेऊन गच्चीवर काढू. सर म्हणाले, गच्चीवरच्या उन्हात मशीनला जास्त वीज लागेल. त्यांनी तोही हिशेब काढून ठेवला होता.

तुम्हाला वाटेल, आता सुटले मी. मिळाला एसी. कसला मिळाला! दुपारी मी तो सुरू करायची, खोली गार व्हायला लागायची, सासूबाई पलंगावरून विचारायच्या, “मास्तर खाली बसले हायेत काय?”

मी खिडकीतून बघायची. बसलेले असायचे. ओला दुपट्टा, कांदा, आणि आता तर हातात तापमापक. डब्याची हवा जिथे येते तिथे धरून बसलेले.

“सर, काय करताय?” मी वरून ओरडायची.

“मोजून राहिलो,” ते म्हणायचे. भूगोलाच्या सरांची शुद्ध भाषा, पण उन्हानं तीही वितळायची.

“सर, आत जाऊन बसा ना!”

“आत जास्त आहे.”

“बंद कर वं ते,” सासूबाई म्हणायच्या. “मी पाहून राहिली, म्हातारा शिजून राहिला तिकडे.” डॉक्टरनं सांगितलंय असं मी म्हटलं, तर त्या उठून बसायच्या आणि पदरानं वारा घ्यायच्या. अर्धा तास चालू, मग बंद. पैसे देऊन एसी घेतला आणि पुन्हा घाम पुसत बसले. रोज खोलीतून गारवा जायला लागला की खालून आवाज यायचा, “काकू, चालू ठेवा! मला काही होत नाही!” आणि वरून सासूबाई, “तुमच्या होण्याले जग विचारणार नाही, मास्तर!”

सर गेले ते जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, झोपेत. उन्हाशी काही संबंध नाही. म्हणजे त्यांच्या जाण्याचाही पुरावा म्हणून काही उपयोग नाही, असं त्यांनीच सांगितलं असतं. सासूबाईंनी पेटीच्या जाळीत जास्वंदाचं फूल खोचलं. ते काढायला कोणी आलं नाही, तेव्हा त्या अंगणातच बसून मोठ्यानं रडल्या. मुलीनं घर विकलं. आम्ही कर्ज काढून फ्लॅट घेतला. दोन्ही खोल्यांत एसी. नव्या उन्हाळ्याच्या पहिल्या दुपारी मी बटण दाबलं, सोफ्यावर पाय पसरले आणि म्हटलं, आता मला कोण अडवतं बघू!

आणि पाच मिनिटांनी उठून गॅलरीतून खाली वाकले.

खाली वॉचमनची खुर्ची होती. बरोबर आमच्या डब्याखाली. तो माणूस टोपीनं वारा घेत बसला होता.

मी सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, त्याची खुर्ची हलवा. ते म्हणाले, मॅडम, फाटक तिथे आहे, खुर्ची तिथेच राहणार. मी म्हटलं, मग डबा हलवा. ते म्हणाले, त्याला सोसायटीची मीटिंग लागेल, डब्यांसाठी बाहेरची भिंत सगळ्यांच्या संमतीनं ठरली आहे.

मी मीटिंगला गेले. तळमजल्यावरचे म्हणाले, आमच्या खिडकीत नको. वरचे म्हणाले, आम्हाला काय फायदा? एक जण म्हणाला, चांगला मुद्दा आहे, पुढच्या वर्षी बघू. आणि मी उभी राहून, सगळ्यांसमोर, स्वतःच्या कानांनी स्वतःला म्हणताना ऐकलं, “मग माझ्याच गॅलरीत लावा. गरम हवा माझ्या खोलीत आली तरी चालेल.” नवऱ्यानं कपाळाला हात लावला. त्यावरही एकमत झालं नाही, इमारत बाहेरून वाईट दिसेल म्हणे.

घरी आले. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, एसीच्या गारव्यात, वाट बघत.

“ठरलं काय काही?”

“पुढच्या मीटिंगला पाहू म्हणाले.”

“मंग तोवर बंद ठेव,” त्या म्हणाल्या.

काय माणूस होता! जिवंतपणी एक ठराव पास करून घेता आला नाही, आणि मेल्यावर आम्हा दोघींना असा पकडून बसला आहे. मी त्यांना मनातल्या मनात एवढ्या शिव्या घातल्या की विचारू नका. मग बटण बंद केलं आणि दोन दुपट्टे ओले करायला मोरीत गेले.